इंजिनाकडे तोंड करून

नवतपा लागला होता. त्या दिवसांत नागपूरच्या रस्त्यावर दुपारी चिटपाखरू दिसत नाही; माणसं दारंखिडक्या लावून कूलरसमोर बसतात. मी नुकतंच कूलरला पाणी टाकलं होतं आणि ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला होता. आई बैठकीत नव्या लॅपटॉपवर वाकाटकांवरचा एक लांबलचक लेख वाचत होती. तिने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. रामटेकजवळचं नगरधन, म्हणजे तेव्हाचं नंदिवर्धन, आणि तिथून कारभार पाहणारी प्रभावतीगुप्ता असा विषय निघाला की ती आजही सरसावून बसते. मी आतल्या खोलीत माझ्या कामात होते. थोड्या वेळाने पाणी प्यायला बाहेर आले, तर आई डोळे मिटून, दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरून बसलेली.

"काय झालं गं?"

"काही नाही. पान पळून राहिलं."

मी घाबरले. उन्हाळा, तिचं वय, रक्तदाब, सगळं एकदम डोक्यात आलं. तिला लिंबाचं सरबत दिलं, पंख्याखाली आडवं केलं. संध्याकाळपर्यंत ती बरी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला बसली आणि दहा मिनिटांत पुन्हा तेच. चष्म्याचा नंबर तपासून झाला, तो ठीक निघाला. मग कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. आईच्या आतल्या कानाचा त्रास जुना आहे, तोल सांभाळणारा भाग जरा हळवा आहे, एवढं आम्हाला ठाऊक होतं. डॉक्टरांनी विचारलं, "वाचतानाच होतं का? पुस्तक वाचतानाही?" आई म्हणाली, "नाही. पुस्तकात नाही, फोनवर नाही. फक्त या नव्या यंत्रावर."

घरी येऊन मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हटलं, आता वाच, मी नुसती बघते. मी पोटापाण्यासाठी संकेतस्थळं बांधते. दिवसभर ब्राउझर समोर असतो. पण कुणी वाचत असताना त्याच्या हाताकडे आणि डोळ्यांकडे इतका वेळ मी कधी पाहिलं नव्हतं.

आई माऊसच्या चाकावर बोट ठेवते. तीन ओळी संपत आल्या की एक खाच फिरवते. बारीक टक् होते. पान हळू निघतं, मध्ये वेग घेतं आणि पुन्हा हळू होऊन थांबतं. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत घडतं. मला त्यात काहीच खटकलं नसतं; मला तर ते डौलदार वाटतं. पण आईचे डोळे मी त्या दिवशी पाहिले. पान निघालं की तेही निघायचे, एका ओळीला धरून वर जायचे, मग झटकन खाली यायचे, पुन्हा दुसरी ओळ धरायचे. पान थांबल्यावरही क्षणभर त्यांची ती ये-जा चालूच असायची. दर तीन ओळींनी हे. लेख दोन हजार शब्दांचा.

आमच्या जुन्या संगणकावर असं होत नव्हतं. तो रखडत चालायचा म्हणून दुरुस्तीवाल्या मुलाने त्यातली सगळी सजावट बंद करून ठेवली होती. त्यावर पान उडी मारायचं. आत्ता इथे, पुढच्या क्षणी तिथे, मधलं काहीच नाही. नव्या लॅपटॉपवर ते घरंगळत जातं. आईला चक्कर येत होती ती या घरंगळण्याने.

माऊसचं चाक घरोघरी पोचलं ते १९९६ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाऊसबरोबर. त्याआधी पडद्याच्या उजव्या कडेची पट्टी धरून ओढावी लागायची. विंडोजमध्ये चाकाच्या एका खाचेची किंमत १२० धरलेली आहे. हा आकडा मला फार आवडतो. पुढे कधी आणखी बारीक फिरणारी चाकं आली तर त्यांना अर्धी खाच, पाव खाच, दशांश खाचसुद्धा कळवता यावी म्हणून, सहज तुकडे पडणारी संख्या त्या लोकांनी आधीच घेऊन ठेवली. एका खाचेला तीन ओळी हे मूळचं माप; हवं तर माऊसच्या सेटिंगमध्ये ते एक करता येतं, दहा करता येतं, पूर्ण पडदाही करता येतो. चाक हातात देतानाच किती सरकायचं हे वाचणाऱ्याला विचारून ठेवलेलं होतं. हे घरंगळणारं, मऊ सरकणं नंतर आलं. फायरफॉक्स या ब्राउझरने २०१२ मध्ये, १३व्या आवृत्तीपासून ते आपणहून सुरू ठेवायला सुरुवात केली. क्रोममध्ये ते २०१६ मध्ये, ४९व्या आवृत्तीत आलं.

बंद करणं सोपं होतं. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये 'जनरल'खाली शेवटाकडे 'ब्राउझिंग' असा भाग आहे. तिथे 'यूज स्मूथ स्क्रोलिंग' असं लिहिलेल्या चौकटीतली बरोबरची खूण काढली. आईने एक खाच फिरवली. पान टुणकन तीन ओळी वर. तिने दुसरी फिरवली, तिसरी फिरवली, मग माझ्याकडे पाहिलं. तो लेख तिने त्या संध्याकाळी संपवला आणि जेवताना प्रभावतीगुप्ताबद्दल बाबांना इतकं सांगितलं की वरणात तूप घालायचं राहून गेलं.

गोष्ट इथे संपली असती. पण लॅपटॉप एक आणि वाचणारे दोन.

रात्री बाबा बसले. बाबा रेल्वेत गार्ड होते. नोकरीतली पुष्कळ वर्षं त्यांनी छोट्या लाइनवर, नागपूर–छिंदवाडा गाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. ती लाइन २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, पण बाबांच्या बोलण्यात ती अजून धावते. रात्री जेवण झालं की ते जुन्या गाड्यांबद्दल इंटरनेटवर जे सापडेल ते वाचतात.

"हे काय करून ठेवलं?" त्यांनी हाक मारली. "ओळच सापडत नाही."

मी जाऊन बसले. त्यांची तऱ्हा वेगळीच. ते चाक सावकाश पण सतत फिरवतात. पान चालत असताना वाचतात. डोळा ओळीवर ठेवलेला, ओळ वर सरकते, डोळा तिच्याबरोबर वर जातो, ती वरच्या कडेला पोचेपर्यंत वाचून झालेली. आता पान उड्या मारायला लागल्यावर प्रत्येक टक् झाली की ओळ हातातून निसटायची. कुठे होतो, इथे की तिथे, हे शोधण्यातच त्यांचा वेळ जायचा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना हे शोधणं जास्तच जड जातं. मऊ सरकणं ज्यांनी तयार केलं त्यांच्या मनात नेमकी हीच गोष्ट असणार: ओळ कुठून कुठे गेली ते डोळ्याला दिसावं, म्हणजे ती हरवत नाही. बाबांसाठी ते बरोबरच होतं.

म्हणजे आईला जे औषध तेच बाबांना अपाय. मी दोघांकडे बघत उभी राहिले आणि मला एकदम आगगाडी आठवली.

लहानपणी आम्ही आजोळी वर्ध्याला जायचो. आई कायम इंजिनाकडे तोंड करून बसायची, हातात लिंबू. तशी जागा नसली तर उभी राहायची, पण पाठमोरी बसायची नाही. बाबा तिच्यासमोर, इंजिनाकडे पाठ करून, मजेत. गार्डच तो, ज्याने आयुष्यभर शेवटच्या डब्यातून मागे मागे जाणारे रूळ पाहिले, त्याला उलटं जाण्याचं काय! मी दोघांच्या मधे, खिडकीशी. जवळचे विजेचे खांब भर्रकन जायचे, शेतं जरा सावकाश आणि लांबचे डोंगर जवळपास जागेवरच.

खिडकीबाहेर बघणाऱ्याचे डोळे कधी निरखले आहेत का? ते एका खांबाला धरून त्याच्याबरोबर जातात, तो दिसेनासा झाला की झटक्याने परत येऊन दुसरा धरतात. वैद्यकात या हालचालीला रेल्वेचंच नाव लावतात, रेल्वे निस्टॅग्मस. अगदी तेच मी आईच्या डोळ्यांत पडद्यासमोर पाहिलं होतं. दुसरी गोष्ट प्रत्येकाने अनुभवलेली असते. नागपूर स्टेशनवर आपली गाडी उभी असते, शेजारच्या फलाटावरची गाडी हलते आणि क्षणभर वाटतं की आपलीच सुटली. पोटात गलबलतं. डोळे सांगतात की आपण चाललो. कानातला तोलाचा अवयव सांगतो की आपण जागेवरच आहोत. दोघांची साक्ष जुळत नाही आणि शरीर गोंधळतं. बहुतेकांना हे निभावून नेता येतं. आईला येत नाही. खुर्चीत बसलेल्या आईच्या समोर पान निघालं की तिची गाडी सुटते.

यात आपल्या लिपीचाही थोडा हात असावा असं मला वाटतं. हे कुठे वाचलेलं नाही, फक्त आईशेजारी बसून जाणवलेलं आहे. रोमन अक्षरं सुटी सुटी असतात. देवनागरी ओळीला शिरोरेषा असते. अख्खा परिच्छेद म्हणजे एकाखाली एक काळ्या आडव्या पट्ट्या. तो परिच्छेद वर सरकताना पट्ट्याच पट्ट्या सरकतात, रुळांखालचे स्लीपर जावेत तशा. आई इंग्रजी पानावर जरा कमी हैराण व्हायची, हे मी तिला न सांगता तपासून पाहिलं.

आता फोनचं कोडं. फोनवर पान सरकतच असतं, मग तिथे त्रास का नाही? उत्तर तिच्या अंगठ्यात होतं. आपण सगळे पान भिरकावतो आणि ते थांबेल तिथून पुढे वाचतो. आई भिरकावत नाही. अंगठा टेकवते, पान अंगठ्याला चिकटल्यासारखं तिच्याच चालीने वर लोटते आणि अंगठा उचलण्याआधी थांबवते. पान तिच्या हाताबाहेर कधी जातच नाही. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, असं प्रवासाबद्दल म्हणतात, तसंच हे.

आणि ही रीत तिने कुठून आणली ते मला माहीत आहे. माझी आजी नागपूरच्या महाल भागातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. तिच्या देवघरात लाल फडक्यात बांधलेली पोथी होती. सुटी, लांबट, आडवी पानं. आई लहानपणी तिच्याशेजारी पाटावर बसून वाचायची. पोथीचं पान पुस्तकासारखं डावीकडे उलटत नाही. वाचून झालं की खालची कड दोन बोटांनी उचलायची आणि पान वर, पलीकडे लोटायचं. मागची बाजू उलटी येत नाही. ती तशीच छापलेली असते, त्यामुळे लोटल्यावर सरळ समोर येते. मग ती वाचायची, नंतर तिच्याखालचं नवं पान. वाचलेलं वर वर जमत जातं, वाचायचं आपल्याकडे राहतं. पहिल्यांदा स्मार्टफोन हातात दिला तेव्हा "बोटाने वर सरकव" असं मी शिकवायला गेले. ती म्हणाली, "त्यात काय शिकायचं, पोथीसारखंच तर आहे."

माझं उलट झालं होतं. कार्यालयात मला मॅक मिळाला तेव्हा पहिला आठवडा माझी बोटं रडकुंडीला आली. चाकाच्या जमान्यात चाक आपल्याकडे ओढलं की आपण लेखात खाली जायचो. जणू कागद भिंतीला चिकटवलेला आणि आपण हातातली खिडकी खाली नेतोय. फोनवर खिडकी स्थिर आणि कागद आपण लोटतो. ॲपलने २०११ मध्ये मॅकवरही कागद लोटण्याची रीत आणली आणि तिला 'नॅचरल' असं नाव दिलं. पुष्कळ लोकांना ते मुळीच नैसर्गिक वाटलं नाही. सुदैवाने ते उलटवायची खूण सेटिंगमध्ये ठेवली होती. नैसर्गिक काय हे कुणी कुणापाशी वाचायला शिकलं त्यावर ठरतं. पोथीपाशी शिकलेल्या बाईला २०११ सालची दिशा पाटावर बसल्यापासून ठाऊक होती.

घरातला तंटा मी असा मिटवला: लॅपटॉपवर दोघांची दोन वेगळी खाती केली. आईच्या खात्याला तुळशीवृंदावनाचं चित्र, बाबांच्या खात्याला मोतीबागेच्या रेल्वे संग्रहालयात त्यांनीच काढलेला छोट्या लाइनच्या इंजिनाचा फोटो. बाबांच्या खात्यात सगळं मऊ. आईच्या खात्यात मऊ सरकणं बंद, आणि विंडोजच्या 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये 'व्हिज्युअल इफेक्ट्स'खालचे 'ॲनिमेशन इफेक्ट्स'ही बंद.

हे शेवटचं बटण म्हणजे नुसती खोक्यांची उघडझाप थांबवणं नव्हे. ते दाबलं की ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला कळवू शकतो: या माणसाला हालचाल कमी हवी. २०१३ साली आयफोनवर आयओएस ७ आलं, त्यात सगळं झेपावत, सरकत उघडायचं आणि जगभरातल्या कितीतरी लोकांना मळमळायला लागलं. त्याच वर्षी 'रिड्यूस मोशन' ही सोय त्यावर उतारा म्हणून कामी आली. पुढे सफारीने २०१७ मध्ये, फायरफॉक्सने २०१८ मध्ये आणि क्रोमने २०१९ मध्ये हा निरोप संकेतस्थळांपर्यंत पोचवायला सुरुवात केली. त्या निरोपाचं नाव आहे 'प्रिफर्स रिड्यूस्ड मोशन'.

'प्रिफर्स' या शब्दापाशी मी खूप वेळ अडून बसले. इंग्रजीत सगळ्या सेटिंगना मिळून 'प्रेफरन्स' म्हणतात. आपण त्याचं 'आवड' किंवा 'पसंती' करतो. पण आपल्याकडे याच जागी दोन शब्द आहेत. मला वांगं आवडत नाही, हे एक. मला वांगं सोसत नाही, हे दुसरं. पाहुण्याने पहिलं म्हटलं तर यजमानीण थोडा आग्रह करून पाहते, "आमच्या हातचं खाऊन तर बघा" म्हणते. दुसरं म्हटलं की ताटातून वाटी मुकाट्याने उचलते. काळी पार्श्वभूमी हवी की पांढरी, ही माझी आवड. बाबांचं मऊ पान आवडीच्या आणि गरजेच्या मधोमध कुठेतरी. आईचं मात्र सोसत नाही. एकाच यादीत, एकाच मापाच्या चौकटी करून या तिन्ही गोष्टी ठेवलेल्या असतात आणि बांधणाऱ्यांना त्या सगळ्या 'आवडी' वाटतात. मलाही वाटत होत्या.

म्हणून आता ते सांगते. त्याच सुमारास मी वर्धा रोडवरच्या सदनिकांच्या एका योजनेचं संकेतस्थळ केलं होतं. चार महिने खपून. पानात मागचं आकाश हळू सरकतं, मधली इमारत त्याहून भरभर, पुढची झाडं सगळ्यात वेगाने. गाडीच्या खिडकीतला तोच खांब, शेत, डोंगर. आणि चाकाची एक खाच फिरली की तीन ओळी नाही, अख्खा पडदाच सर्रकन वर जाऊन पुढचा येई. हे घडवायचं तर ब्राउझरचं स्वतःचं सरकणं अडवावं लागतं. चाक फिरल्याची खबर आली की आमचा प्रोग्रॅम त्याला म्हणतो, तू थांब, किती आणि कसं सरकायचं ते मी ठरवतो. म्हणजे वाचणाऱ्याने तीन ओळींची एक केली असो, मऊ सरकणं बंद केलं असो, सगळं रद्द.

काम पूर्ण झाल्यावर मी आईला दाखवायला बसवलं. तिच्याच खात्यातून उघडलं. तिने चाक फिरवलं. दुसऱ्या पडद्याला तिने डोळे मिटले आणि टेबलाची कड धरली.

"हे तू केलंस?" एवढंच ती म्हणाली. त्यात बोल लावणं नव्हतं. खरं तर तिला कौतुक करायचं होतं आणि ते करण्यापुरतं तिला पाहता आलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या चौकटीतली खूण काढून मी आईला तिचं वाचणं परत मिळवून दिलं, तीच खूण दुसऱ्या खोलीत बसून मी परत उमटवत होते, आणि ते सगळ्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी आमच्या बैठकीत मी विषय काढला. आमचे सर भले आहेत, पण हिशेबी. म्हणाले, "तसे किती लोक असतील?"

मी म्हटलं, "माझ्या घरात दोघांपैकी एक आहे, सर."

ते काही बोलले नाहीत. मी ती दुपार त्यात घातली. निरोप आला असेल, तर आकाश, इमारत, झाडं जागेवर राहू दे, आणि चाक ब्राउझरच्या हवाली कर. वीसेक ओळी लागल्या. संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत म्हणून जी मार्गदर्शक तत्त्वं जगभर पाळतात, त्यांच्या २०१८च्या २.१ आवृत्तीत ही अपेक्षा लिहिलेलीच आहे: वापरणाऱ्याच्या कृतीने सुरू होणारी, कामाला आवश्यक नसलेली हालचाल बंद करता आली पाहिजे. फक्त ती सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवली आहे, त्यामुळे कुणी सक्ती करत नाही. आता माझ्या हातातून जाणाऱ्या प्रत्येक कामात त्या वीस ओळी असतात. वेगळे पैसे मागत नाही, विचारतही नाही.

आईशेजारी बसायची मग सवयच लागली, आणि आणखी काही गोष्टी दिसल्या. ती वाचायला लागण्याआधी विचारते, "किती आहे?" शिक्षिकेची सवय, धडा घेण्याआधी पानं चाळून तो किती तासांत संपेल ते बघायची. पडद्याच्या कडेच्या पट्टीवरची दांडी याच प्रश्नाचं उत्तर असते. दांडी लांब तर मजकूर थोडा, दांडी आखूड तर मजकूर फार. आणि ती कुठे आहे त्यावरून किती झालं ते कळतं. किती साधी, प्रामाणिक वस्तू! पण ती दिसायला बरी नाही म्हणून लपवत आणली. मॅकवर २०११ पासून, विंडोज ११ मध्येही तसंच. माऊस जवळ नेला की पट्टी उमटते, एरवी गायब किंवा दोरा. आईच्या खात्यात मी 'ऑलवेज शो स्क्रोलबार्स' चालू करून ठेवलं. तिने लगेच ओळखलं. "हां, आता कळलं कुठवर आलो."

ज्या पानांना तळच नसतो तिथे मात्र दांडी असून उपयोग नाही. तुम्ही खाली जाल तसं ती पानं खाली नवा मजकूर जोडत जातात. दांडी आखूड होत होत वर पळते. ही अखंड सरकण्याची कल्पना २००६ मध्ये एझा रास्किन यांनी पुढे आणली आणि नंतर तिचं काय झालं ते पाहून त्यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला. आई अशा पानांवर टिकत नाही. "हे संपत नाही तर मी सुरू कशाला करू?" म्हणते. माझ्याच रात्री तिथे जातात.

तिसरं, बातम्यांच्या पानांवरचं. ओळ वाचता वाचता वर कुठेतरी जाहिरात उमटते आणि सगळा मजकूर खाली ढकलला जातो. आई म्हणते, कुणी हातातलं पुस्तक हिसकल्यासारखं वाटतं. यावर ब्राउझरवाल्यांनी मनापासून काम केलं आहे, हे सांगायला मला बरं वाटतं. क्रोमने २०१७ मध्ये ५६व्या आवृत्तीत आणि फायरफॉक्सने २०१९ मध्ये ६६व्या आवृत्तीत अशी सोय केली की वर काही वाढलं तरी तुम्ही वाचत असलेला मजकूर जागचा हलू नये. वाढलेल्या उंचीइतकं पान ब्राउझर गुपचूप सरकवून घेतो. दर वेळी जमत नाही. पण जेव्हा जमतं तेव्हा काही घडलं हे वाचणाऱ्याला कळतसुद्धा नाही. मला माझं काम असं असायला हवं आहे.

एवढ्यात आईने चाकही सोडलं. स्पेसची कळ दाबली की पान एका पडद्याने पुढे जातं आणि शिफ्ट धरून दाबली की मागे, हे मी तिला सांगितलं होतं. तिला ते फार मानवलं. ब्राउझर पूर्ण पडदा सरकवत नाही, मागच्या दोनेक ओळी वर शिल्लक ठेवतो, हे तिच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आलं. "मी तेच करायची," ती म्हणाली, "कालच्या तासाचं शेवटचं वाक्य फळ्यावर लिहून मग पुढे." ती आता लाकडी फूटपट्टी घेऊन बसते, शाळेतली, कडा झिजलेली. पट्टी पडद्याला टेकवत नाही, बोटभर अंतरावर आडवी धरते आणि ओळीओळीने खाली आणते. तळाला आली की डाव्या हाताने स्पेस, पट्टी पुन्हा वर, ओळखीच्या दोन ओळी, आणि पुढे.

काही संकेतस्थळं मात्र वरच्या बाजूला आपल्या नावाची जाड पट्टी कायम चिकटवून ठेवतात. मग तिच्या त्या ओळखीच्या ओळी पट्टीमागे जातात, कधी न वाचलेलीही एखादी. तिथे तिला दर वेळी वरची बाणाची कळ एकदा दाबावी लागते. ती दाबते. तक्रार करत नाही, वाक्य पुरं करते.

परवा मामेभावाच्या लग्नाला वर्ध्याला गेलो. खिडकीच्या समोरासमोरच्या जागा मिळाल्या. आई इंजिनाकडे तोंड करून बसली, हातात लिंबू. बाबा समोर, पाठमोरे. मी आईच्या शेजारी. अजनी, खापरी, गुमगाव मागे पडलं. बाबा खिडकीच्या गजाला डोकं टेकवून मागे जाणाऱ्या रुळांकडे बघत होते.

"बुटीबोरी गेलं," ते म्हणाले.

"मी केव्हाच पाहिलं," आई म्हणाली. "बोरखेडी येऊन राहिलं."